कानातलं हाड

वनतळ्याची माती काढताना
कुदळ अडली, आम्हाला वाटलं दगड.
कपाळ होतं.
खारीढाण्याच्या खाली, सिपन्याच्या वळणावर,
जिथं आम्ही लहानपणी बकऱ्यांना पाणी पाजायचो
तिथं कोणीतरी कुशीवर झोपलेलं, गुडघे पोटाशी.

मग नाफडे मॅडम आल्या. पांढरी जीप, निळे हातमोजे.
आणि मी : बारावी पास, कोरकू येतं, मराठी येतं,
तीनशे रुपये रोज, दुभाषी.

मॅडम म्हणाल्या, आपल्याकडचं ऊन हाडांतलं सगळं खाऊन टाकतं,
एक हाड तेवढं राखून ठेवतं काही.
कानाच्या आतलं. सुपारीएवढं. अंगात सर्वांत टणक.
मी सांगितलं सगळ्यांना : लुतुर. कान.
फुलकाय जांभेकर पुढं सरकली.
म्हणाली, विचार तिला,
कानातलंच हाड आहे तर
काय काय ऐकलं त्यानं?
हे मी मॅडमना सांगितलं नाही.
उगाच वाटलं, वेळ जाईल.

संमतीपत्रात 'पूर्वज' हा शब्द सतरा वेळा होता.
पहिल्या वेळी मी म्हटलं, म्हातारे.
मग म्हटलं, ज्यांचे मुंडे रोवलेत आंब्याखाली, ते.
बाट्या म्हणाला, ते तर पाचच पिढ्यांचे.
त्याआधीचं सागवान वाळवीनं खाल्लं, त्यांना काय म्हणायचं?
उरलेल्या पंधरा वेळा मी नुसता हात हलवला,
डोंगराच्या दिशेनं.

नंतर नळ्या. जिवंतांची थुंकी, मेलेल्याचं हाड,
दोघांचा ताळा घालायचा.
फुलकाय नळी बोटांत फिरवत बसली.
'पाहुणी दारात आलेली आणि मी थुंकू?
काय वाकडं केलं बिचारीनं माझं?'
सगळा ढाणा हसला.
मॅडमही हसल्या, जरा उशिरा,
माझी मराठी त्यांच्यापर्यंत पोचल्यावर.
मग पदराआड तोंड करून
तिनं नळी भरली, खुणेच्या रेघेपर्यंत, एक थेंब जास्त नाही.

अकरा महिने गेले. मोहाची एक फुलोर पडून वेचून झाली.

मॅडम परत आल्या तेव्हा शाळेच्या भिंतीवर चादर लावून
रंगीत गोल दाखवले.
हाडाचं म्हणाल्या, फारसं निघालं नाही.
शंभरातली नव्याण्णव अक्षरं मातीतल्या जंतूंची.
उरलेल्या एकातून इतकंच कळलं
की बाई होती.
पण थुंकी बोलली.
तुमच्या आयांच्या आया इथल्याच,
मोजता येणार नाही इतक्या जुन्या.
आणि बापांचे बाप पूर्वेकडून आले,
पार ब्रह्मदेशापलीकडून, हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या.

मी हे कोरकूत मांडत होतो, अडखळत,
ब्रह्मदेशाला शब्द शोधत,
तोवर फुलकाय बोलून मोकळी :
'म्हणजे लमझना.'
मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.
मी सांगितलं, मुलगी हवी, द्यायला काही नाही,
असा पोरगा सासऱ्याच्या घरी राहून
वर्षानुवर्षं शेतात राबतो. त्याला म्हणतात.
मॅडमनी वहीत लिहून घेतलं.
अधोरेखित केलं, दोनदा.
मागं बसलेला बाट्या, स्वतः सहा वर्षं लमझना राहिलेला,
खाली बघून तंबाखू मळत होता.

हाड परत दिलं, चेन लावलेल्या पिशवीत, वर आकडा.
बाजूनं बारीक भोक,
चिमूटभर भुकटी घेतलेली.
फुलकायनं पिशवी कानाशी नेली.
कशाला, विचारायचं धाडस झालं नाही.

पावतीवर अंगठा तिचाच.
एक रकाना होता : मृताशी नातं.
मी पेन धरून थांबलो.
'लिही, सासू.'
मावशी, तुझी कशी सासू? तू तर लेकीकडची.
'माझी नाही रे.
त्यांची. पूर्वेकडून आले ना, त्यांची.
तिनं हो म्हटलं नसतं
तर राहिले असते का इथं?'

मी लिहिलं.
मॅडमनी वाचून सही केली.

पावसाळ्याआधी सिडोली करायचं ठरलंय.
बाट्या सागाचा बुंधा तासतोय.
चंद्र, सूर्य, घोडा झाला.
खाली जागा उरलीय वीतभर,
आणि तो रोज मला विचारतो,
त्या मशिनीनं नाव कसं नाही सांगितलं?